चहाडी आणि तक्रार

श्रोतेहो, भोपाळ शहराच्या पूर्वेस, रायसेनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आनंद नगर नावाची वस्ती आहे. पलीकडे हेवी इलेक्ट्रिकल्सचा अवाढव्य कारखाना आणि त्याची पिपलानीची वसाहत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे गेला. त्या वेळी सचिवालयाच्या दप्तरांबरोबर पुष्कळ मराठी कुटुंबेही नागपूर सोडून इकडे आली. पाठोपाठ उभ्या राहिलेल्या कारखान्याने आणखी काही आणली. अशाच एका कुटुंबात मी वाढलो. काही वर्षांपूर्वी ह्या भागातील एका जुन्या शाळेने आपल्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहिण्याचे काम मजकडे सोपविले आणि त्या निमित्ताने कार्यालयातील कपाटे माझ्यापुढे उघडी झाली. मी त्याच शाळेचा विद्यार्थी.

कपाटात पहिल्या वर्षांतील छापील नियमावली सापडली. तिच्यातील बहुतेक प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘विद्यार्थी’ हाच होता. विद्यार्थ्याने वेळेवर यावे, नखे कापलेली असावीत, वर्गात बोलू नये, गुरुजनांस उलट उत्तर देऊ नये, एकमेकांच्या चहाड्या सांगू नयेत. कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर आजचा फलक होता. त्यावर समितीतील सदस्यांची नावे, १०९८ हा दूरध्वनी क्रमांक, आणि खाली कुलूप लावलेली तक्रारपेटी. ह्या फलकावरील वाक्यांचा कर्ता मात्र ‘शाळा’ हा होता. शाळेने काय करावे, मुख्याध्यापकाने किती वेळात काय कळवावे, असे सारे. पन्नास वर्षांत वाक्याचा कर्ता बदलला! हा बदल कसा घडला ते आज थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. शाळेतल्या शिस्तीचा इतिहास सामान्यतः छडीच्या बाजूने सांगितला जातो. मी तो तक्रारीच्या बाजूने सांगणार आहे, कारण छळ सोसणाऱ्या मुलाला कोणाजवळ काय बोलता येत होते, हे ठाऊक झाल्यावाचून त्या काळची शिस्त कशी होती हे कळत नाही.

प्रारंभ पंतोजींच्या शाळेपासून करावा लागतो. एखाद्या वाड्याची ओसरी किंवा देवळाचा सोपा, समोर धूळपाट्या, आणि एकसुरात चाललेली पाढ्यांची, पावकी-निमकीची उजळणी. ह्या शाळेवर सरकारचे लक्ष नव्हते. पंतोजीची उपजीविका पालकांनी दिलेल्या धान्यावर व पैशांवर चाले, आणि त्याच्या अधिकाराला मर्यादा घालणारी दुसरी कोणती सत्ता गावात नसे. अंगठे धरून ओणवे उभे करणे, उन्हात तिष्ठत ठेवणे, उठाबशा, छडी, आणि दोरीला लोंबकळत ठेवण्याची ती भयंकर ‘घोडी’. ह्या शिक्षांची नावे जुन्या पिढीच्या बोलण्यात अगदी परवापर्यंत सहज येत असत. आमच्या भोपाळकडे कोंबडा करण्याला ‘मुर्गा बनाना’ म्हणतात. प्रांत बदलला तरी पक्षी तोच राहिला, हे पाहून गंमत वाटते आणि खेदही होतो. पण एक गोष्ट विसरता कामा नये. मुलाला शाळेत घालताना बापच पंतोजीला सांगून ठेवी की, ह्याची हाडे आमची, कातडे तुमचे. म्हणजे घरी जाऊन गाऱ्हाणे सांगण्याची वाट पहिल्याच दिवशी बंद झालेली असे.

ह्याच शाळांत वडील मुले धाकट्यांना शिकवीत. मद्रासच्या सैनिकी अनाथालयाचे प्रमुख अँड्र्यू बेल ह्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ही रीत आपल्या देशी शाळांत पाहिली, वाळूत अक्षरे गिरविणारी मुले पाहिली, आणि १७९७ मध्ये इंग्लंडात तिजविषयी पुस्तक छापले. त्यातून आणि जोसेफ लँकेस्टर ह्यांच्या प्रयोगांतून तिकडे मॉनिटरांच्या शाळांचे युग सुरू झाले. लँकेस्टर क्वेकर पंथाचे, मारझोडीचे विरोधक. छडी त्यांनी वर्गातून काढली खरी, परंतु तिच्या जागी त्यांनी काय आणले? अपराधी मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवावा, किंवा त्याला टोपलीत घालून छताला टांगावे, म्हणजे सारा वर्ग त्याला हसेल. अंगावरचा वळ मनावर गेला, एवढाच त्यातला फरक. पुढे इंग्लंडच्या निवासी शाळांत वडील मुलांच्या हाती अधिकार देण्याची प्रथा रुजली. धाकट्यांनी थोरल्यांची कामे करावी, बूट पुसावे, आणि त्यांचा जाच मुकाट सोसावा. १८५७ च्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ह्या कादंबरीने रग्बी शाळेतील हे जग साऱ्या इंग्रजी वाचकांपुढे मांडले. आपल्याकडील वसतिगृहांत आणि महाविद्यालयांत पुढे ज्याला ‘रॅगिंग’ हे नाव पडले, त्याचे गोत्र ह्या प्रथेशी जुळते. ‘आम्ही सोसले, आता तुम्ही सोसा’ हा न्याय दोन्हींकडे एकच आहे.

आता आपल्या घरची एक कथा. लोकमान्य टिळकांच्या बालपणीची शेंगांची गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. वर्गात टरफले पडलेली आहेत, गुरुजी साऱ्यांना शिक्षा फर्मावितात, आणि छोटा बाळ बाणेदारपणे सांगतो की मी शेंगा खाल्लेल्या नाहीत, तेव्हा टरफले मी उचलणार नाही. गोष्ट कितपत घडली, कशी घडली, ह्याचा निवाडा मी करीत नाही. ती शतकभर सांगितली गेली हेच मला महत्त्वाचे वाटते. अन्याय्य शिक्षेपुढे मान न तुकविणारा मुलगा आम्ही आदर्श मानला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ह्याच कथेची आणखी एक आवृत्ती शाळाशाळांतून सांगितली जाते. तीत शेंगा कोणी खाल्ल्या हे गुरुजी विचारतात आणि चहाडी करण्याची आपल्याला सवय नाही असे उत्तर त्यांना मिळते. ही दुसरी शिकवण पहिलीपेक्षा अधिक खोल रुजली. शेंगांच्या टरफलांपुरती ती शोभूनही दिसते. पण ज्या मुलाचा डबा रोज हिसकावला जातो, ज्याला मधल्या सुट्टीत कोपऱ्यात गाठून मारतात, ज्या मुलीला घरच्या वाटेवर अचकटविचकट बोल ऐकावे लागतात, तिलाही आपण हीच शिकवण दिली. चहाडी म्हणजे दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून सांगणे, आणि तक्रार म्हणजे आपले वाईट थांबावे म्हणून सांगणे. मराठीत हे दोन निराळे शब्द असताना शाळेने ते एकाच खात्यावर मांडले, असे मला वाटते.

छळ हा नेहमी वर्गातल्या चार वांड पोरांकडूनच होतो असेही नाही. पुष्कळदा सारा गाव त्यात सामील असतो आणि मग त्याला छळ हे नावही मिळत नाही. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यातील मुलींच्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई फुले ह्यांच्या अंगावर लोकांनी शेण आणि दगड टाकले. शाळेत पोहोचल्यावर नेसण्यासाठी त्या जवळ दुसरे लुगडे ठेवीत, अशी आठवण सांगतात. त्या काळच्या दृष्टीने बेशिस्त कोणाची होती? शेण टाकणाऱ्यांची नव्हे. बेशिस्त मानली गेली ती शिकविणाऱ्या बाईची. इकडे आमच्या भोपाळ संस्थानात सुलतान जहान बेगम ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पडदा पाळणाऱ्या घरांतील मुलींसाठी सुलतानिया शाळा काढली. ह्याच बेगमसाहेबा पुढे १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. एकीकडे उघड्या रस्त्यावरचे दगड, दुसरीकडे पडद्याचे संरक्षण. पद्धती भिन्न असल्या तरी शिकणाऱ्या मुलीला शाळेपर्यंत सुखरूप कसे आणावे हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच होता.

दुसरे उदाहरण धारवाडचे. १८५६ साली एका महार मुलाने तेथील सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. मागणी अगदी साधी, आणि अर्जाची भाषाही सरळ. सरकारने ती नाकारली. एका मुलासाठी शाळा इतरांना निरुपयोगी करून ठेवणे योग्य नव्हे, असा त्या निर्णयामागचा विचार होता. पुढे १८५८ मध्ये विलायतेहून कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या आहेत असे कळविले. पण कागदावरचा हा नियम वर्गाच्या दारापाशी अडखळून पडला. आपल्या शाळांच्या दप्तरांत अशी तक्रार फारच क्वचित आढळते, म्हणून मी ह्या अर्जाला मोठे मोल देतो. एका मुलाने शाळेविरुद्ध लिहून ठेवलेला तो शब्द आहे.

मग सातारा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर ह्यांचे नाव तेथील सरकारी हायस्कुलात दाखल झाले. महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेतील अनुभव बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहिला आहे. वर्गात बसण्यासाठी घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा, जो शाळेची झाडलोट करणारा नोकर शिवत नसे म्हणून रोज घरी न्यावा आणि पुन्हा आणावा लागे. तहान लागली तर नळ स्वतः उघडता येत नसे, शिपायाने तो उघडावा लागे. शिपाई नाही, तर पाणी नाही. ह्यात कोणी छडी उगारली नाही, कोणी शिवी दिली असेही नाही. सारे ‘नियमाप्रमाणे’ चालले होते. म्हणून मला वाटते की शाळेतल्या छळाचा इतिहास लिहिणाऱ्याने शिक्षांच्या यादीपेक्षा शाळेच्या नळाकडे आधी पाहावे.

ह्या नळाचे उत्तर सातारा-कोल्हापूरकडूनच आले, हा एक सुखद योग. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१९ च्या प्रारंभी हुकूम काढले. संस्थानच्या शिक्षणसंस्थांत अस्पृश्य मुलांना इतरांच्या बरोबरीने वागवावे, अधिकाऱ्यांनीही अस्पृश्यांशी ममतेने व समतेने वागावे, आणि ज्या अधिकाऱ्याला हे जमत नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनाम्याची सूचना द्यावी, त्याला पेन्शन मिळणार नाही. त्याच वर्षी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूमही झाला. हे वाचताना पेन्शनच्या उल्लेखावर मी थोडा वेळ थांबलो. चांगुलपणाचे उपदेश सर्वच राजे करतात, पण चांगले न वागणाऱ्या वरिष्ठाची भाकरी अडविण्याची तरतूद करणारे थोडे. मुलाने कसे वागावे ह्याऐवजी ज्याच्या हाती मूल आहे त्याने कसे वागावे हे येथे सांगितले गेले, आणि न वागल्यास काय होईल तेही. माझ्या शाळेतील भिंतीवरचा तो फलक ह्या हुकुमाचा दूरचा वारस म्हणता येईल.

आणि १९२४ मध्ये त्याच सातारा गावी कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवीत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. जेथे एका मुलाला नळाला हात लावता येत नव्हता, तेथे चोवीस वर्षांनी मुले एका चुलीवर भाकरी भाजू लागली. शिस्त तेथेही कडक होती. पहाटेचे उठणे, अंगमेहनत, स्वतःचे काम स्वतः करणे, कशातच सवलत नसे. पण ती सर्वांना सारखी होती.

छडी टाकून देणारे शिक्षकही ह्याच काळात दिसू लागतात. भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासोबत आमच्या ताराबाई मोडक ह्यांनी बालमंदिरात शिक्षा आणि बक्षीस ही दोन्ही प्रलोभने बाजूला ठेवली. ताराबाई ते काम पुढे बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत घेऊन गेल्या. खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० पर्यंत साने गुरुजी शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांची खोली अस्ताव्यस्त दिसली तर गुरुजी मुले शाळेत गेली असताना ती स्वतः झाडून ठेवीत. परत आलेली मुले ओशाळत आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन केरसुणी हाती घेत. आता दैवाची थट्टा पाहा. त्यांच्याच ‘श्यामची आई’वर १९५३ साली आचार्य अत्र्यांनी काढलेल्या चित्रपटातले कोणते गाणे मराठी मुलांच्या तोंडी सर्वांत अधिक बसले? छडीच्या गौरवाचे! अत्र्यांनी ते विनोदाने लिहिले असेल, पण दोन पिढ्या आम्ही ते म्हण म्हणून वापरले. ज्या गुरुजींनी केरसुणीने शिस्त लावली, त्यांच्या नावाशी छडीचा नाद जोडला गेला.

येथवर इतरांचे सांगितले. आता एक आठवण माझ्या वर्गातली. ती सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही.

१९६० नंतरची गोष्ट. आमच्या वर्गात नागपूरकडून आलेला एक मुलगा होता. त्याचे वडील माझ्या वडिलांबरोबर कारखान्यात काम करीत. पहिल्याच दिवशी त्याने शिक्षिकेला ‘बाई’ अशी हाक मारली. मराठी शाळेतून आलेला मुलगा दुसरे काय म्हणणार? पण हिंदी मुलखात घरकाम करणारीला बाई म्हणतात, शिक्षिकेला बहनजी म्हणावे लागते. सारा वर्ग खो-खो हसला. त्या दिवसापासून ‘बाई’ हेच त्या मुलाचे नाव पडले. मागून टपल्या मारणे, दप्तर नळाखाली धरणे, डब्यातली भाकरी हवेत उडविणे सुरू झाले. एकदा, एकदाच, तो गुरुजींकडे गेला. गुरुजींनी दोघांनाही हात पुढे करायला लावले. एकाला खोडीबद्दल दोन छड्या, आणि ह्याला चहाडीबद्दल एक. गुरुजी दुष्ट नव्हते. साठ मुलांचा वर्ग ते एकटे सांभाळीत आणि ह्या न्यायाला समतोल न्याय समजत. त्यानंतर तो कधी बोलला नाही.

श्रोतेहो, हसणाऱ्यांत मीही होतो. माझ्या घरीही मराठीच बोलत, मीही आईच्या तोंडून ‘बाई’ हाच शब्द शिकलो होतो. पण मी वर्षभर आधी आलो होतो आणि बहनजी म्हणायला शिकलो होतो. तो हसण्याचा विषय झाला म्हणजे मी होणार नाही, एवढा हिशेब नऊ वर्षांच्या मुलाला कळतो.

पुष्कळ वर्षांनी डॅन ओल्वेअस ह्या स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञाच्या कामाविषयी वाचले तेव्हा मला माझा वर्ग दिसला. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात सोबत्यांच्या छळाला कंटाळून तीन मुलांनी जीव दिला, तेव्हा तेथील शिक्षणखात्याने देशभर मोहीम हाती घेतली. ओल्वेअस ह्यांचे म्हणणे असे की, छळणारा आणि छळला जाणारा ह्या दोघांवरच दृष्टी ठेवून भागत नाही. भोवती उभे राहून पाहणारे, हसणारे, गप्प बसणारे हेच त्या खेळाचे मैदान असते. म्हणून उपाय साऱ्या शाळेने करावयाचा असतो. मधल्या सुट्टीत मोठ्या माणसांनी अंगणात असावे, वर्गाने मिळून नियम ठरवावे, आणि सांगणाऱ्याला संरक्षण मिळावे.

आपल्याकडे कायद्याचे पाऊल उशिरा पडले, पण पडले ते बरोबर जागी. १९९९ च्या महाराष्ट्राच्या रॅगिंगबंदी कायद्यात रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यातले दुसरे कलम मात्र कमी लोकांनी वाचलेले असते. तक्रार आली असता संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, आणि त्याने हयगय केली तर त्याने त्या गुन्ह्याला साहाय्य केले असे समजावे. गप्प बसणारा प्रमुखही आता गुन्ह्याचा भागीदार! शाहू महाराजांच्या पेन्शनच्या वाक्याची मला येथे पुन्हा आठवण झाली. पाठोपाठ डिसेंबर २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळेतील छडीला मुभा देणारे तेथील नियम घटनाबाह्य ठरविले. गोव्याच्या २००३ च्या बालविषयक कायद्याने शाळांतील शारीरिक शिक्षा बंद केली. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर ‘मानसिक छळ’ हे शब्दही लिहिले. लँकेस्टरच्या टोपलीला लागू पडणारा शब्द कायद्यात यायला दोनशे वर्षे लागली.

हे सारे अनाठायी नव्हते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी आपल्याला शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. लैंगिक अत्याचाराविषयीचे आकडे त्याहून अस्वस्थ करणारे होते, आणि बहुतेक मुलांनी ते कोणालाच सांगितलेले नव्हते. चहाडी करू नये हा धडा मुलांनी किती चांगला पाठ केला होता, त्याचा हा निकाल.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याने हा धडा उलटा केला. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल त्याने ते पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविणे हा गुन्हा, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडविले तर त्याला अधिक कडक शिक्षा. ह्या कलमाची कसोटी मराठी मुलखातच लागली. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असूनही ती कळविली नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा खटला रद्द केला, तो सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा उभा केला. असे मौन म्हणजे पुष्कळदा अपराध्याला दिलेले आच्छादनच असते, असा त्या निकालाचा आशय आहे.

कायदा आला म्हणून माणसे बदलतात असे नाही. महाराष्ट्रात मार्च २०२२ मध्ये शाळाशाळांतून ‘सखी सावित्री’ समित्या स्थापण्याचा शासननिर्णय निघाला. ज्या बाईंवर रस्त्यात शेण फेकले गेले त्यांचे नाव मुलींच्या संरक्षणाला मिळाले, ह्यात औचित्य होते. आणि दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरच्या शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवून घेण्यास विलंब लागला, २० ऑगस्टला संतप्त पालकांनी कित्येक तास आगगाड्या अडवून धरल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरण हाती घेतले. मग तक्रारपेट्यांची, कॅमेऱ्यांची, समित्यांची, चोवीस तासांत कळविण्याची आज्ञा पुन्हा निघाली. बदलापूरला मुलींनी घरी सांगितले होते, आईबापांनी ऐकले होते. अडथळा आला तो त्यापुढे, मोठ्या माणसांच्या टेबलांपाशी.

शिक्षकबंधूंची एक तक्रार मी नेहमी ऐकतो. आमचे हात कायद्याने बांधले आहेत, मुलांना आता भय उरलेले नाही, असे ते म्हणतात. ती सर्वस्वी खोटी म्हणून झटकून टाकू नये. वर्गात पन्नास-साठ मुले, हाताशी समुपदेशक नाही, जनगणना आणि निवडणुकीची कामे मानगुटीवर. अशा शिक्षकाकडून छडी काढून घेताना त्याच्या हाती दुसरे काय दिले, हा प्रश्न सरकारला विचारलाच पाहिजे. आमच्याच मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत १९७२ साली विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. पुढे १९८२ पासून भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. त्या वर्गांत मुले प्रयोग करीत, आपसांत बोलत, आणि शिक्षकाला प्रश्न विचारीत. गलका पुष्कळ होई. तो गलका म्हणजे बेशिस्त नव्हे हे शिक्षकांना आधी शिकवावे लागले, त्यासाठी शिबिरे भरवावी लागली. २००२ मध्ये सरकारने तो प्रयोग बंद केला. जे मूल पाण्याला फुगे का येतात असे निर्भयपणे विचारू शकते, तेच मूल मला मारतात असेही सांगू शकते, असे मला वाटते. ह्याला पुरावा मागाल तर माझ्याकडे तो नाही.

स्मरणिकेचे काम संपत आले तेव्हा जुने दाखल-खारीज रजिस्टर चाळताना त्या मुलाची ओळ सापडली. नाव, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, प्रवेशाची तारीख, सगळे सुवाच्य अक्षरात. पाचवीच्या मध्यावर, डिसेंबर महिन्यात, त्याचे नाव कमी झाले होते. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘वडिलांची बदली’. त्याचे वडील त्यानंतरही अकरा वर्षे माझ्या वडिलांबरोबर त्याच पाळीला, त्याच फाटकातून कारखान्यात जात असत. मुलाला मात्र त्यांनी नागपूरला आजीकडे पाठविले होते.